तेरा नंबरचा पेचकस

हँगरमधल्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगानं रेखली होती आणि ज्याच्या त्याच्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं होतं. फक्त तेरा नंबरची आकृती रिकामी होती. तिथला वीतभर लांबीचाही नसलेला पेचकस मेकॅनिक साधनाच्या नावावर होता.

"दार लावा," हँगरचे प्रमुख गजेंद्रसाहेब म्हणाले. "सापडेपर्यंत माणूस बाहेर जाणार नाही, अन् विमानही."

नियमच तसा होता. विसरलेलं हत्यार विमानात राहिलं, तर उडताना कुठं जाऊन अडकेल याचा नेम नाही. हँगरचं पत्र्याचं दार खडखडत बंद झालं. अमरावतीचं मे महिन्यातलं ऊन आत कोंडून राहिलं.

चार वाजता शिकाऊ वैमानिक आकांक्षा हेच विमान पहिल्यांदा एकटी उडवत अकोल्याला जाणार होती. बार्शीटाकळीहून तिचे वडील भगवंतराव स्वतःच्या मळ्यातल्या झेंडूचा हार घेऊन तिथं पोचणार होते.

विमान अडतीस वर्षांचं. पण बनवणाऱ्या कंपनीनं त्याला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. वैमानिकासमोरच्या पॅनलवरची काट्यांची जुनी घड्याळं काढून दोन चकचकीत डिजिटल पडदे बसवायला तिनं पुण्याहून धर्मेंद्रला पाठवलं होतं. साधना चार दिवस त्याच्या हाताखाली राबली. काल संध्याकाळी त्यानं पॅनल बंद करून वर कंपनीचं सील लावलं होतं.

"पेचकस शेवटी कुणाजवळ होता?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याजवळ, साहेब."

"मग ठेवला कुठं?"

"मी तो कुठं ठेवून विसरले नाही."

"म्हंजे त्याले पाय फुटले," म्हातारे मिस्त्री किसनराव म्हणाले. "पोरी, परवा तुले वायरचा वास आला. धर्मेंद्रभाऊनं सांगतलं, नव्या वायरीले वास येतेच. आज हातातला पेचकस दिसून नाही राह्यला. नाक तेज, डोये कच्चे."

धर्मेंद्र हसला. साधना खाली मान घालून कामाला लागली.

कचऱ्याचा डबा कागदावर उपडा केला. सीट काढल्या. पंखांच्या सगळ्या फटींतून बॅटरी फिरली. सगळ्यांचे खिसे उलटे झाले, साधनाचेही. तिच्या खिशातून रुमाल आणि गणपतीच्या अंगाऱ्याची पुडी निघाली.

"च्या तरी घे," किसनराव म्हणाले.

"नको काका. निर्जळी चतुर्थी आहे."

"आज सापडला नाही, तर उद्यापासून येऊ नकोस," साहेब शांतपणे म्हणाले.

"बरं, साहेब. अन् आकांक्षाचं उड्डाण?"

"तुझ्यामुळंच अडलंय ना ते."

एका पायावर जोर देत ती पुन्हा विमानाखाली वाकली.

तीन वाजले. बघायचं आता एकच ठिकाण राहिलं होतं. पॅनलच्या मागं.

"ते नाही उघडता येणार," धर्मेंद्र म्हणाला. "सील तोडलं की कंपनीची हमी संपते. पुन्हा तपासणीला पंधरा दिवस जातील."

"पेचकस आत नाही, असं लिहून देता?" साहेबांनी कागद पुढं केला. "सही करा, दार उघडतो."

धर्मेंद्रनं पेन काही उचललं नाही.

साहेबांनी सील कापलं. किसनरावांनी डावा पडदा बाजूला घेतला अन् बॅटरी आत घातली. बॅटरीचा उजेड एका जागी थांबला, हलेचना.

"पेचकस दिसतो का?" साहेबांनी विचारलं.

"पेचकस नाही. हे पाहा."

वायरींचा अख्खा जुडगा पत्र्याच्या पट्टीखाली चेंगरला होता. वरचं वेष्टण जळून काळं झालं होतं, आतली तार उघडी पडली होती. धर्मेंद्र विमानाच्या पायरीवरच बसला. साहेबांनी फोन काढून उड्डाण रद्द झाल्याचं कळवलं.

"पेचकस हरपला म्हणून लेकरू वाचलं," किसनराव म्हणाले. "गणपती पावला म्हणा."

सगळे त्या जळक्या वायरींवर वाकले होते.

साधना हळूच विमानाच्या शेपटीमागं गेली. तिनं डाव्या बुटाची लेस सोडली आणि सकाळपासून घोट्याला रुतणारा पेचकस मोज्यातून बाहेर काढला.