बाकावरचे पाच म्हातारे

दवाखान्याच्या भिंतीलगत बाकावर पाच म्हातारे ओळीनं बसले होते. डोक्यावर पांढऱ्या लोकरीच्या उंच टोप्या, नजर जमिनीवर. फाटकातून आत आलेली बात्मा त्यांना बघून जागीच थबकली.

"या वहिनी," तिचा धाकटा दीर आसनकुल उठून म्हणाला. "बसा. दमला असाल."

बात्मा बसली नाही. लग्न होऊन आल्यापासून या माणसानं तिला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. धाकट्या दिरानं वहिनीची टर उडवायची आणि वहिनीनं त्याला शिव्या हासडायच्या, हा त्यांच्यातला हक्कच. परवा भर दुकानात तो ओरडला होता, "काय गं म्हातारे, तुझ्या मेंढीला तुझ्यापेक्षा जास्त दात आहेत!"

"मला दाक्तरीणबाईनं बोलावलंय," ती म्हणाली. "तपासणीचा निकाल आला म्हणून. तुम्ही कशाला आलात?"

एकानं घसा खाकरला.

त्या गावात मरणाची बातमी अशीच येते. सरळ कुणी सांगत नाही. म्हातारे जमतात, ठेवणीतले कपडे घालून येतात आणि लांबून लांबून सुरुवात करतात. माणूस कधीचा गेलेला असतो आणि हे डोंगराबद्दल, वाऱ्याबद्दल बोलत बसतात. समोरच्याचा जीव टांगणीला लागतो. याला ते माया म्हणतात.

"वहिनी," आसनकुल म्हणाला, "एका माणसाकडं एक उमदा घोडा होता..."

"कुबत?"

कुबत तिचा मुलगा. मॉस्कोत इमारतींच्या बांधकामावर. गावातली निम्मी पोरं तिकडंच राबतात. पैसे पाठवतात. मधूनच त्यांतलं एखादं पेटीत घालून परत येतं.

"ऐका तर. तो घोडा खिंड चढत होता..."

"माझा कुबत पडला? वरून पडला?"

आसनकुलनं मान खाली घातली. त्याला फक्त पुढचं वाक्य आठवत नव्हतं.

बात्मानं डोक्याचा रुमाल ओरबाडून काढला. नखं गालात रुतवली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून म्हाताऱ्यांचाही बांध फुटला आणि पाचही जण मोठ्यानं रडायला लागले. ती मुलासाठी रडत होती, ते तिच्यासाठी रडत होते.

दार धाडकन उघडलं. सायरागुल डॉक्टर बाहेर आली, हातात अर्धी भरलेली सुई तशीच.

"कोण गेलं?"

"माझा कुबत गं!"

"कुणी सांगितलं?"

बात्मानं बाकाकडं बोट केलं.

"आसनकुलकाका, कुबतला काय झालं?"

"कुबतला?" आसनकुल डोळे पुसत म्हणाला. "कुबतला कुठं काय? आम्ही वहिनींच्या त्या... त्या गाठीचं सांगत होतो. काल कळलं तेव्हा म्हटलं, सगळे मिळून जाऊ. हळूहळू सांगू."

सायरागुलनं वळून दारातल्या नर्सकडं पाहिलं.

"तू सांगितलंस यांना?"

"बाई, आधी घरच्यांच्या कानावर घालायची रीत आहे..."

"दुखणं घरच्यांना झालंय का?"

सायरागुलनं सुई नर्सच्या हातात कोंबली आणि मातीत गुडघे टेकून बात्माचे दोन्ही हात धरले.

"आपा, माझ्याकडं बघ. कुबत जिवंत आहे. आजार तुला झालाय. छातीतली ती गाठ कर्करोगाची निघाली. लहान आहे, वेळेवर सापडलीय. बिश्केकच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन काढून घ्यायची. कळतंय का मी काय म्हणते?"

"मला झालाय?"

"तुला."

"कुबतला नाही?"

"नाही."

"फोन लाव त्याला."

सायरागुलनं बात्माचाच फोन घेऊन लावला आणि तिच्या हातात दिला. घंटा वाजत राहिली. बाकावर कुणी हलेना. मग खणखणाटातून कुबतचा आवाज आला, "काय आई? कामावर आहे, मुकादम बघतोय. पैसे टाकतो शनिवारी." फोन बंद झाला. बात्मा तो बंद फोन कानाला धरून तशीच बसली. मग हसायला लागली. गालावर रक्त, डोळ्यांत पाणी, आणि हसतेय. सायरागुलचे हात तिनं ओढून घेतले, कपाळाला लावले, पुन्हा पुन्हा मुके घेतले.

"देव तुझं भलं करो, पोरी! औक्षवंत हो! केवढी चांगली बातमी दिलीस!"

कर्करोग सांगणाऱ्या डॉक्टरला असा आशीर्वाद मिळतो, तो या पाच शहाण्यांच्या कृपेनं.

मग ती आसनकुलकडं वळली. "मेल्या! तुझा घोडा खिंडीत पडेपर्यंत मी इकडं पोरगा पुरला!"

"चुकलं, वहिनी."

"पुन्हा 'वहिनी बसा' म्हणालास तर टोपीसकट चुलीत घालीन."

"बरं, म्हातारे," आसनकुल पुटपुटला, आणि त्याचं त्यालाच बरं वाटलं.

सायरागुलनं तिला आत नेलं. मागोमाग येणाऱ्या पाचही जणांच्या तोंडावर दार लावलं. खुर्चीत बसवलं, गाल पुसला, चहाची वाटी हातात दिली. बात्मा अजून हसत होती.

"आपा, मघाशी मी काय सांगितलं?"

"कुबत जिवंत आहे."

"आणि?"

बात्मानं चहाचा एक घोट घेतला. दुसरा घेतला नाही. वाटी टेबलावर ठेवली. तिचा हात आपोआप वर आला, झग्यावरून डाव्या छातीवर टेकला आणि तिथंच राहिला.

"हं," ती म्हणाली. "आता माझं सांग. सगळं."