वरच्या तुकड्यातली बाटली

"ठेव आता तो ग्लास. पुसून पुसून काच झिजेल," आत्या म्हणाली.

मुलीने ग्लास टेबलावर ठेवला. तिसरा. बाटल्याही तीन, तिन्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. त्यातल्या दोन बाबांच्या. एक तिची, वरच्या तुकड्यातल्या द्राक्षांची. छाटणीपासून बूच ठोकण्यापर्यंत सगळं तिच्या एकटीच्या हातचं.

बाबांनी तीन वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं. तिची वाईन त्यांच्या वाईनशेजारी ताठ मानेने उभी राहिली, तर मळा तिचा. नाही राहिली, तर मळा काकाकडे जाणार आणि तिने शहरात जाऊन नोकरी बघायची.

"कुठली कोणाची ते सांगू नकोस हं," बाबा म्हणाले.

"न सांगता कळणारच आहे तुला. या वेलींना लावलास एवढा लळा तू आम्हाला कधी लावला नाहीस," आत्या म्हणाली.

बाबांनी पहिला ग्लास उजेडात धरला. बुडबुडे बघितले. हुंगलं, घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकून टाकला.

"माझी. ओढ्याकडची."

दुसरा ग्लास. पुन्हा बादली.

"हीपण माझीच. जरा घाई झाली हिला."

"स्वतःचीच ओळखपरेड चाललीय," आत्या म्हणाली. "पोरीचा जीव बघ कुठे अडकलाय."

मुलगी हसली नाही. तिने तिसरं बूच हळूच सोडवलं. ओतताना फेस ग्लासवरून उतू जाऊन टेबलावर सांडला.

बाबांनी घोट घेतला. घोळवला. थांबले.

आणि गिळला. मग अजून एक. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं बाई! गिळलंस?" आत्या ओरडली. "इतक्या वर्षांत तू बादली सोडलेली मी बघितली नाही. आण इकडे, मलापण दे."

"नाही." बाबांनी बाटली स्वतःकडे ओढली. "ही मी एकटाच संपवणार."

"हावरटच आहेस लहानपणापासून."

"बाबा, खरं सांगा," मुलगी म्हणाली. "वाईट असेल तर वाईट म्हणा. मला काही वाटणार नाही. शपथ."

बाबा खिडकीतून वरच्या तुकड्याकडे बघत बसले. वेलींच्या रांगा सरळ होत्या, एकही तार ढिली नव्हती. ते सगळं तिने केलं होतं. त्यांनी ग्लास रिकामा केला, तोंड पुसलं.

"माझ्या दोन्हींपेक्षा सरस," ते म्हणाले. "मळा तुझा, बाळा."

मुलगी जागची हलली नाही. मग खांदे गदगदायला लागले. आत्याने तिला जवळ ओढलं.

"रडतेस काय, झिपरे? माझ्या लग्नात मी एवढी रडले नव्हते, आणि तिथे तर कारण होतं!" मग भावाकडे बघून म्हणाली, "आनंद मावत नाहीये पोरीच्या पोटात."

बाबांनी मान हलवली आणि उरलेली बाटली ग्लासात ओतायला घेतली.

फेसाळत्या वाईनचा गाळ काढला की बाटलीत दोन बोटं जागा उरते, बूच ठोकण्याआधी ती गोड वाईनने भरतात. "मला इथून जायचंय" हे बाबांना तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणून तिने ती जागा व्हिनेगरने भरली होती.