उपाशीपोटी

“मावशी, खरं सांगा. सकाळपासून काही खाल्लंय?”

“पाण्याचा घोट नाई, बाई,” वच्छलाबाईनं छातीठोक सांगितलं.

साफ खोटं. पहाटे पाचला गावी, रोहण्याच्या घरात बसून तिनं दोन भाकरी, वर लोण्याचा हा एवढा गोळा आणि वाटीभर दही खाल्लं होतं. खाल्लं कसलं, कोंबलं! मागल्या खेपेला तिच्यादेखत डॉक्टरीणबाईंनी एका बाईला परत पाठवलं होतं, दुधाचा चहा पिऊन आली म्हणून. पोटात अन्न गेलं की पित्ताची पिशवी आकसते, सोनोग्राफीत काही दिसत नाही, उद्या उपाशी या. ते ‘उद्या या’ वच्छलाबाईनं सहा महिने मनात जपून ठेवलं होतं.

डॉक्टर माधवीनं पडद्याकडं बघत मान हलवली. “पिशवी पार मिटलीय. मागच्या वेळी आत नऊ मिलिमीटरची गाठ दिसली होती. ती साधी चरबीची की खराब, ते आज नाही सांगता येणार. उद्या या.”

उशाशी उभ्या असलेल्या निकेशनं मोबाइलवर वेळ पाहिली. वच्छलाबाईचा जीव त्या मोबाइलमध्ये अडकला. पोरगा पुण्याला नोकरीला. दर सहा महिन्यांनी आईच्या या तपासणीपुरता यायचा. सकाळी वर्ध्याला उतरायचा, ती एसटीनं यायची, दवाखाना व्हायचा, हॉटेलात दोन घास, की संध्याकाळच्या गाडीनं परत. बापाच्या तेरवीनंतर दोन वर्षांत रोहण्याच्या घरात त्याचं पाऊल पडलं नव्हतं. तिथं ती एकटी. एका जिवापुरती भाजी काही तिला जमायची नाही, मग तीच दोन-दोन दिवस पुरायची. दिवसात कुणी एकदा नावानं हाक मारली तरी तिला बरं वाटायचं.

“तिकीट कॅन्सल करतो,” निकेश म्हणाला.

वच्छलाबाईला टेबलावरून उठून नाचावंसं वाटलं.

घरी जाताच तिनं बेसनाच्या पाटोडीचा रस्सा टाकला. झणझणीत, त्याला लागतो तसा. पण निकेशनं अर्धी भाकर तशीच ठेवली आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. मग अंगणात जाऊन त्यानं बायकोला फोन लावला. दाराआड उभ्या वच्छलाबाईला सगळं ऐकू येत होतं.

“मेघा, एकटीच गाठ असली, बूड रुंद असलं, आत रक्त खेळत असलं तर खराब म्हणते मोबाइलवर. आईची एकटीच आहे वो... माहंच चुकलं. आधीच नागपूरले न्यायले पाह्यजे होतं.”

वच्छलाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाऊन आलते म्हणून सांगून टाकावं, असं ओठावर आलं. पण पोरगा आत आला, “आई, पांघरूण कुठं आहे वो?” म्हणाला, आणि सांगायचं राहून गेलं. आई म्हणून हाक मारणारं माणूस घरात होतं. लाज वाटत होती, पण काय सांगावं, आनंद लाजेहून जास्त होता.

दुसऱ्या दिवशी ती खरोखर उपाशी गेली. पिशवी चांगली भरलेली होती. माधवीनं तिला डाव्या कुशीवर वळवलं, मग उजव्या. गाठ जागची हलली नाही, म्हणजे खडा नव्हता. आत रक्त फिरतं का ते पाहिलं. पुन्हा पाहिलं. निकेश भिंतीला पाठ लावून उभा होता.

“एक गाठ नाहीच ही,” माधवी शेवटी म्हणाली. “तीन बारक्या एकमेकींना चिकटून बसल्यात, म्हणून तेव्हा मोठी वाटली. पलीकडं आणखी चार आहेत. सगळ्या चरबीच्या, बारीक देठाच्या. रक्तबिक्त काही नाही. या काही करत नाहीत.”

“मग आता सहा महिन्यांनी?” निकेशनं विचारलं.

“कशाला? आता यायची गरजच नाही.”

निकेश हसला आणि हसता हसताच रडला. त्यानं आईचे पाय दाबले. “सुटलो वो माय! रातभर डोयाले डोया नाई माह्या. आता निवांत राह्य तू. मी संध्याकाळच्या गाडीनं निंगतो.” आणि मेघाला सांगायला तो धावतच बाहेर गेला.

माधवीनं पोट पुसायला कागद पुढं केला. वच्छलाबाईनं तो घेतला नाही. तिनं डॉक्टरीणबाईंचं मनगट धरलं आणि दाराकडं बघत हळूच म्हणाली,

“बाई, अजून एकडाव पाहा ना. एखादी तरी खराब असंल.”