उंदराने केलेली शैक्षणिक सुधारणा

मार्गदर्शक यंत्राने शिक्षकांना दिलेल्या साहाय्यामुळे वस्तीतल्या महापालिका शाळेतील मुलांचे वाचन दुपटीने सुधारले, असे शिक्षण खात्याने जाहीर केले. ही सुधारणा नेमकी त्या तीन आठवड्यांतली होती, जेव्हा उंदराने वायर कुरतडल्यामुळे यंत्र बंद होते. ते बंद ठेवल्याबद्दल मुख्याध्यापिका मुजावरबाईंवर मात्र निलंबनाची चौकशी बसली.

“बाई, तक्रार का नाही केलीत?” अधिकाऱ्याने दरडावले.

“साहेब, तक्रार त्या यंत्रावरच नोंदवायची असते. आणि खरं सांगू? इतक्या वर्षांत मदतीला धावून आलेला पहिला तो उंदीरच.”

अधिकाऱ्याने विजयी मुद्रेने दुरुस्त झालेल्या यंत्रालाच साक्षीला बोलावले. खोटे बोलणे त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याचे निवेदन इतिवृत्तात शब्दशः आहे: “मी चालू असतो तेव्हा शिक्षक दिवसभर माझ्या प्रश्नांची उत्तरे देतात. मी बंद होतो, म्हणून ते वर्गात गेले.”