माळ्यावरचा भूकंप

"भडकला गो, शालन! चांगलाच भडकला!"

जानू गुरुजी मोबाईल नाकाला लावून पडवीत उभे होते. भडकला होता तो सूर्य. सूर्यावर ज्वाळा उठली की आठ मिनिटांत तिची झळ इथे पोचते, आणखी बारा मिनिटांत पृथ्वीच्या पोटात कळ जाते, मग कुठे जमीन हलते, कुठे डोंगर आग ओकतो, असा गुरुजींचा सिद्धांत. जपान, इंडोनेशिया, इटली, सगळे त्यांच्या वहीत होते. आणि त्यांचं बुरोंडी गावसुद्धा.

"आता वीस मिनिटं माळ्यावर कुणी फिरकायचं नाय. पावलानं तांब्या हलतो," त्यांनी बजावलं. मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि अंगणातल्या फणसाखाली जाऊन बसले, घराकडे पाठ करून.

शालनकाकींनी मनात दहापर्यंत आकडे म्हटले आणि जिना धरला.

माळ्यावर वाशाला सुंभाने टांगलेला पितळी तांब्या होता, गळ्यापर्यंत वाळू भरलेला. बुडाला पेन्सिल, खाली कागद. हाच बुरोंडीचा भूकंपमापक. काकींनी त्याला हळूच टिचकी मारली. पेन्सिलीने कागदावर नागमोडी रेघ ओढली. इंडोनेशिया हलला. काकी खाली येऊन मुकाट तांदूळ निवडायला बसल्या.

वीस मिनिटांनी गुरुजी माळ्यावरून ओरडले, "आली गो रेघ! केवढी आली!"

"आली का? बरं झालं हो," काकी म्हणाल्या.

या लबाडीला आता तीन महिने होत आले होते. ऑक्टोबरात तांब्या टांगला तेव्हा तो आठ दिवस ढिम्म हलला नाही. गुरुजींचं जेवणावरचं मन उडालं. "चाळीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, नि म्हातारपणी मीच नापास," असं म्हणून पडवीतल्या खांबाला टेकून बसायचे. काकींची स्वतःची तब्येत तेव्हा धड नव्हती. रत्नागिरीला गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालेला, डॉक्टर चालायला सांगत, पण खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी कपाळाला आठ्या. पण माणसाचं ते उतरलेलं तोंड बघवेना. नवव्या दिवशी सूर्य भडकला तेव्हा त्या काठी टेकत, दात आवळून वर गेल्या आणि टिचकी मारून आल्या. त्या रात्री गुरुजींनी भात दोनदा मागून घेतला.

तेव्हापासून घरात सुख होतं. सूर्यही मोठा समजूतदार. दिवसातून चार वेळा भडकायचा, पण स्वयंपाकाच्या वेळेला कधी नाही, आणि दुपारी काकींचा डोळा लागला की तोही गप्प. जिना तेवढा मेला करकरायचा. पण गुरुजींचे कान हल्ली जड झालेत, असं काकी धरून चालल्या होत्या.

शेजारच्या खतिजाला एकटीला हे गुपित ठाऊक होतं. कुंपणावरून ती विचारायची, "काय वहिनी, आज किती देश हलवलेत?"

"तीन. संध्याकाळचा एक बाकी हाय."

"आमच्या अरशदच्या दुबईला तेवढं हात लावू नका हां!"

असं सगळं झकास चाललेलं असताना रविवारी रसिका आली. गुरुजींची पुतणी, दापोलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी. आल्या आल्या तिने लॅपटॉप उघडला.

"काका, तुमच्या वहीचं नाव पार दापोलीत पोचलंय. द्या इकडे, जगभरच्या नोंदींशी ताडून बघते."

काकींनी चहात दोनदा साखर घातली. पोरगी हुशार. तिने तांब्याचं बिंग फोडलं तर हा माणूस पुन्हा खांबाला टेकून बसणार, आणि या खेपेला उठायचा नाही.

गुरुजी मात्र खुशीत. "बघ की! आता बघायला काय हरकत नाय. तोवर मी बंदरावर सुरमई मिळते का बघतो," म्हणाले आणि पिशवी घेऊन शीळ घालत निघाले.

ते कुंपणाच्या बेड्याबाहेर पडल्याबरोबर काकी रसिकाच्या शेजारी येऊन बसल्या.

"रसिका, एक सांगते, पण पोटात ठेव. तो तांब्या जमिनीनं नाय हलत. मी हलवते."

"तुम्ही?"

"हसू नको. त्यांना सांगू पण नको. पाया पडते तुझ्या. जुळतंय म्हणून सांग नि मोकळी हो."

रसिका हसली नाही. तिने वहीची चार पानं पुढे उलटली, चार मागे.

"काकी, तांब्याचं राहू दे. इथे सूर्यच भडकलेला नाही."

"म्हंजे?"

"काल सकाळी साडेदहाला काकांनी मोठी ज्वाळा लिहिलीय. त्या वेळी सूर्य एकदम शांत होता. परवाचं तेच. ज्या ज्वालामुखीचं नाव लिहिलंय तो गेली कित्येक वर्षं झोपलाय. तीन महिन्यांत एकही वेळ जुळत नाही."

काकींचा चेहरा पडला. "सगळंच चुकलं गो त्यांचं? आता कसं सांगायचं?"

"तेच म्हणते मी. काकांसारखा माणूस इतकं चुकेल कसं? आणि हा शेवटचा रकाना कसला? वर नाव नाही, पण एक दिवस सुटलेला नाही." रसिकाने पहिलं पान काढलं आणि वाचू लागली. "'तेवीस ऑक्टोबर. काठी टेकत. सात मिनिटं. मधे दोनदा बसली.' मग डिसेंबरात, 'नुसता कठडा धरून. तीन मिनिटं.' आणि हे कालचं, 'काठी खालीच विसरली. पाऊण मिनिट.'"