कायमचं की तात्पुरतं

टेबलावरचा वाकडा दांडा कस्टमच्या मोहिनी मॅडमनी पुन्हा उचलला, त्याची मूठ दाबून पाहिली आणि खाली ठेवला.

"याला गाडीचा सुटा भाग म्हणायचं, की अपंगांचं साधन?"

प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला होता, पण उत्तर द्यायला समोर बसलेल्या उत्तराबाई पुढे सरकल्या.

हँड कंट्रोल होतं ते. दांड्याचं एक टोक ब्रेकला आणि अॅक्सिलरेटरला जोडायचं, मूठ हातात धरायची. ढकलली की गाडी थांबते, ओढली की पळते. पाय लागतच नाहीत. तेजश्रीच्या गाडीला नीट बसेल असं इथे मिळेना, म्हणून परदेशातून मागवलं होतं. सोमवारी तिला विंचूरला, वाइन कंपनीच्या प्रयोगशाळेत, कामावर हजर व्हायचं होतं. कंपनीने एकदा तारीख वाढवून दिली होती. आता वाढवणार नाही, असंही कळवलं होतं. सिडकोतून विंचूरला रोज नेणारं-आणणारं घरात कोणी नव्हतं, आणि एसटीच्या पायऱ्या व्हीलचेअरच्या काय कामाच्या!

"साधनच आहे हो मॅडम. माझ्या मुलीसाठी मागवलंय."

"मग तिच्या दाखल्यावर 'तात्पुरतं अपंगत्व' का लिहिलंय?"

आता उत्तराबाई काय सांगणार! दाखला काढताना डॉक्टर 'कायमचं' लिहायला निघाले, तेव्हा यांनीच त्यांच्यापुढे गयावया केली होती. मुलगी लग्नाची आहे, एकदा कायमचं लिहिलं गेलं की दारात कोणी उभं राहणार नाही, असं म्हणून म्हणून त्यांनी डॉक्टरांना भंडावून सोडलं. शेवटी डॉक्टर वैतागले आणि 'तात्पुरतं' लिहून मोकळे झाले. बाई एवढ्यावर थांबल्या असत्या तरी बरं. हे हँड कंट्रोलसुद्धा त्यांनी स्वतःच्या नावावर मागवलं, का तर तेजूचं नाव असल्या गोष्टीत कुठे यायला नको. आईच्या मायेने कारभार हातात घेतला की असा घोळ होतो.

"तात्पुरतं म्हटलं की मला हे गाडीच्या भागांत घालावं लागेल," मॅडम म्हणाल्या. बाई खडूस नव्हत्या, आवाजही चढलेला नव्हता. "आणि गाडीच्या भागाला सुरक्षेच्या मंजुरीचा कागद लागतो. तो तुमच्याकडे नाही. म्हणजे माल परत."

"परत? अहो, सोमवारी पोरीला कामावर जायचंय! घरात बसून बसून ती बोलेनाशी झाली होती. या नोकरीचं कळलं तेव्हा कुठे पोटभर जेवली. मॅडम, मी तुमच्या पाया पडते."

आणि त्या खरंच खुर्चीतून उठल्या.

"अहो, बसा, बसा. असं काय करता?" मॅडमनी त्यांना हाताला धरून बसवलं. "एक करता येईल. माल तुमच्या नावावर आलाय, म्हणून जबाब तुमचाच लागेल. मुलीचं अपंगत्व कायमचं आहे, एवढं माझ्यासमोर सांगा. मी लिहून घेते, तुम्ही सही करा. नवा दाखला नंतर आणून द्या, तेवढ्या भरवशावर मी आज माल सोडते. मुलगी आलीय ना? तिलाही बोलवा."

"तिला कशाला आत?" उत्तराबाई पटकन म्हणाल्या.

पण दाराशी उभा असलेला शिपाई तिला आणायला गेलाही होता. भाड्याच्या गाडीत बसवून ठेवलेली तेजश्री व्हीलचेअरची चाकं स्वतःच फिरवत आत आली आणि आईशेजारी थांबली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, कोरा कागद पुढ्यात ओढला.

"हं, सांगा."

"तिच्या पायांत जोर नाही," उत्तराबाई म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "सध्या."

मॅडमचं पेन थांबलं. "सध्या?"

"म्हणजे उपचार चालू आहेत ना. परवा सकाळी तेल चोळताना पायाचा अंगठा हलल्यासारखा वाटला मला."

"आई," तेजश्री म्हणाली.

"हलला होता गं! मी बघितला."

"आई, सोमवारी जायचंय मला."

उत्तराबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांकडे, देवळात, नातेवाइकांत, कुठेच जे त्या बोलल्या नव्हत्या, ते आता एका परक्या बाईला सांगायचं होतं, आणि तेही पोरीच्या देखत. ही नोकरी गेली तर पोर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल, याची त्यांना खात्री होती. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"तिचे पाय बरे होणार नाहीत. कधीच नाही. माझी मुलगी आता चालणार नाही."

बोलून झालं आणि असं अभद्र तोंडातून निघालं म्हणून त्यांनी फाडकन स्वतःच्याच गालात मारून घेतलं. मग पदर तोंडाला लावला. हुंदका काही आवरेना.

मॅडमनी लिहून घेतलं. सही उत्तराबाईंना दोनदा करावी लागली. मॅडमनी दांडा खोक्यात घातला, खोकं तेजश्रीच्या मांडीवर ठेवलं आणि तिला म्हणाल्या, "सावकाश चालवा हं."

बाहेर ऊन कडक होतं. उत्तराबाई मागून व्हीलचेअर ढकलत होत्या. तेजश्रीने खोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. गाडीजवळ आल्यावर, मागे न वळता, ती म्हणाली, "आई, उद्यापासून माझ्या पायांना तेल चोळू नकोस. झोप जरा सकाळची."

उत्तराबाईंनी व्हीलचेअर थांबवली.

"ते मी मॅडमना सांगितलं, तेजू," त्या म्हणाल्या. "तुला नाही."