हद्दीवरची केळी

“गुरुवारचा नैवेद्य चुकवू नकोस, प्रसाद टाकू नकोस, एकटीनं खाऊ नकोस.” जगाचा निरोप घेताना सासूबाईंनी शरयूताईंकडून शब्द घेतला होता.

सकाळपासून मुलाच्या गाडीतून ऑस्ट्रेलियातली गावं पाहून त्या धास्तावल्या होत्या. दुकानं उघडी, रस्ते मोकळे. माणसं दडली कुठं? मिल्डुरा शहर मागे पडल्यावर राज्याची हद्द आली नि टोपीवाल्या अधिकाऱ्यानं त्यांची आजच्या गुरुवारच्या नैवेद्याची डझनभर केळी हेरली.

“आई, फळमाशीमुळे फळं पलीकडे नेता येत नाहीत. इथंच खा, नाहीतर पिंपात टाक,” मुलगा म्हणाला.

“आपली पाठ वळली की हाच खाईल!” शरयूताई पुटपुटल्या.

त्यांनी रस्त्याकडेलाच दत्ताची तसबीर मांडली, केळी ठेवली, डोळे मिटले. उघडले तेव्हा अधिकारी टोपी काढून, मान खाली घालून उभा होता.

ओशाळून त्यांनी पहिलं केळं त्यालाच दिलं. मग पदर खोचून, उरलेली घेऊन रांगेतल्या ट्रकांकडे निघाल्या.